पिएता सगळ्यांसाठी रडू शकते का? बर्लिनच्या ‘नोये वाखे’मधल्या शिल्पाचं प्रकरण

बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन या हमरस्त्यावर नोये वाखे नावाची एक बसकी दगडी इमारत आहे, समोर ग्रीक धाटणीचे खांब असलेली. आत एकच रिकामं दालन. छताच्या मधोमध गोल उघडं भोक, आणि त्याखाली ब्राँझची एक म्हातारी बाई जमिनीवर बसलेली. तिच्या गुडघ्यांमध्ये मेलेला तरुण मुलगा. १९९३ साली जर्मन सरकारनं हे शिल्प देशाच्या मध्यवर्ती स्मारकात बसवायचं ठरवलं आणि त्यावरून इतिहासकार, कलावंत, ज्यू समाजाचे प्रतिनिधी, खासदार अशा सगळ्यांत वर्षभर वाद पेटला.

शिल्प चांगलं आहे, यावर फारसा मतभेद नव्हता. भांडण होतं त्याच्या रूपावर. मेलेल्या मुलाला, म्हणजे येशूला, मांडीवर घेतलेली आई मरिया या रूपाला पिएता म्हणतात, आणि ते ख्रिस्ती धर्मकलेनं शतकानुशतकं घडवलं. ज्या देशानं साठ लाख ज्यूंचा खून केला, त्या देशानं सगळ्या मृतांसाठी शोक करायला नेमकं हेच रूप घ्यावं का? धार्मिक प्रतिमा सार्वजनिक जागेत आणताना कुठेही उभा राहील असा हा पेच आहे. इथे तो टप्प्याटप्प्यानं पाहता येतो, म्हणून हे प्रकरण निवडलं.

पार्श्वभूमी : इमारत

कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुविशारदानं १८१६ ते १८१८ या काळात ही इमारत बांधली, ती राजाच्या पहारेकऱ्यांसाठी. पहिल्या महायुद्धानंतर राजा गेला आणि पहाराही गेला. १९३१मध्ये प्रशियाच्या सरकारनं तिथे युद्धात पडलेल्या सैनिकांचं स्मारक केलं. हाइनरिश टेसेनो यांनी आत एकच दालन केलं, छताला भोक ठेवलं, त्याखाली काळ्या ग्रॅनाइटचा ठोकळा आणि त्यावर ओकच्या पानांचं धातूचं चक्र. मानवी आकृती एकही नाही. नाझी आले, त्यांनी मागच्या भिंतीवर क्रूस लावला आणि त्याच खोलीत वीरस्मरणाचे सोहळे सुरू केले. युद्धात बॉम्बनं पडझड झाली. पुढे हा भाग पूर्व जर्मनीत गेला. तिथल्या राजवटीनं १९६०मध्ये ‘फॅसिझम आणि लष्करशाहीच्या बळींचं स्मारक’ म्हणून ते पुन्हा उघडलं, १९६९मध्ये काचेच्या लोलकात अखंड ज्योत ठेवली आणि जमिनीखाली एका अज्ञात सैनिकाचे व छळछावणीतल्या एका अज्ञात कैद्याचे अवशेष पुरले. ते आजही तिथेच आहेत.

म्हणजे एकाच खोलीत तीन राजवटींनी आपापल्या सोयीचे मृत निवडले होते. चौथीची पाळी १९९०च्या एकीकरणानंतर आली.

पश्चिम जर्मनीकडे असं स्मारकच नव्हतं. पाहुणे राष्ट्रप्रमुख बॉनच्या एका दफनभूमीतल्या ब्राँझच्या फलकापाशी पुष्पचक्र वाहत. मे १९८५मध्ये चान्सेलर हेल्मुट कोल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांना बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीत नेलं. तिथे हिटलरच्या एसएस दलातले सैनिकही पुरलेले आहेत. जगभरातून टीका झाली. त्याच आठवड्यात, ८ मे रोजी, राष्ट्राध्यक्ष रिखार्ड फॉन वाइत्सेकर यांनी संसदेत केलेल्या भाषणात मृतांची एकेका गटानं नावं घेतली: ज्यू, सिंती आणि रोमा (युरोपात ‘जिप्सी’ म्हटले जाणारे समाज), समलिंगी, मनोरुग्ण, प्रतिकार करणारे. हे भाषण पुढे या प्रकरणात परत येणार आहे.

पार्श्वभूमी : मांडीवरचा मृत पुत्र

पिएताचा प्रसंग शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, कुठेच नाही. योहान फक्त एवढंच सांगतो की येशूची आई क्रूसाजवळ उभी होती. मग अरिमथाईचा योसेफ देह मागून घेतो आणि दफन होतं. मधली ती वेळ, देह खाली उतरवल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतची, भक्तांनी भरून काढली. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्यातल्या, चित्रकारांनी आधी सुरुवात केली. आजच्या स्कोप्येजवळ नेरेझी इथल्या चर्चमध्ये ११६४ सालचं भित्तिचित्र आहे, त्यात मरिया मुलाच्या देहाला कवटाळून गालाला गाल लावते. पण बाकी सगळी माणसं गाळून फक्त आई आणि मांडीवरचा मुलगा उरवण्याचं काम जर्मन प्रदेशातल्या लाकूडकाम करणाऱ्यांनी केलं, साधारण १३००च्या सुमारास. बॉनच्या संग्रहालयातली ‘रोटगेन पिएता’ त्या काळची, जेमतेम ८९ सेंटिमीटर उंचीची. ख्रिस्ताचं डोकं मागे लटकलेलं, बरगड्या बाहेर आलेल्या, जखमांमधून रक्ताच्या गाठी द्राक्षांच्या घोसासारख्या फुटलेल्या. आणि आईचा चेहरा? करुणेचा म्हणावा तर नाही. तिला काही उमगत नाहीये, आणि थोडा रागही आलाय.

अशा मूर्ती गुड फ्रायडेच्या संध्याकाळच्या प्रार्थनेशी जोडलेल्या होत्या. भक्तानं समोर बसून जखमा पाहायच्या, आईच्या डोळ्यांनी पाहायच्या, आणि हे आपल्या पापांमुळे झालं हे मनाशी घ्यायचं. म्हणूनच देह नेहमी आपल्याकडे उघडा केलेला असतो. आई तो दाखवते. मायकेलअँजेलोनं १४९८-९९मध्ये एका फ्रेंच कार्डिनलसाठी रोममध्ये संगमरवरात हेच रूप घडवलं, तेव्हा त्यातला रक्तपात गेला, आई तरुण झाली, पण तिचा डावा हात तळवा वर करून मोकळा पसरलेला राहिला: हे पाहा. धर्मपंडितांना मात्र चित्रकारांची काळजी होती. शोकानं बेशुद्ध पडणारी मरिया लोकांना फार आवडू लागली होती. १५०६मध्ये कायेतान या धर्मपंडितानं त्याविरुद्ध लिहिलं, कारण शुभवर्तमानात ती उभी आहे, कोसळलेली नाही.

वसई किंवा गोव्यातल्या वाचकाला ही आई अनोळखी नाही. गुड फ्रायडेला शोकमग्न मातेची मूर्ती मिरवणुकीत येते, आणि दिवाडी बेटावरच्या पियेदाद गावाचं नावच तिच्यावरून पडलं आहे.

या प्रकरणासाठी महत्त्वाच्या गोष्टी दोन. पहिली: पिएतामध्ये मृत्यू शेवट नसतो. पाहणाऱ्याला पुनरुत्थान ठाऊक असतं, त्यामुळे मुलाच्या मरणाला अर्थ असतो. दुसरी: पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या कॅथलिक गावांमध्ये पडलेल्या सैनिकांसाठी पिएता उभ्या राहिल्या. मांडीवरच्या ख्रिस्ताच्या जागी गावचा मुलगा आला, आणि त्याचं मरणही बलिदान ठरलं. १९९३मध्ये या रूपाच्या अंगावर हा सगळा जुना मजकूर होता.

पार्श्वभूमी : कोलवित्स

शिल्पकार केटे कोलवित्स यांचा जन्म १८६७चा. त्यांचे आजोबा प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडलेल्या मुक्त धर्ममंडळाचे संस्थापक होते, त्यामुळे घरात धर्म होता पण चौकटीबाहेरचा. नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर. धाकटा मुलगा पेटर १९१४मध्ये अठरा वर्षांचा होता. सैन्यात जाण्यासाठी त्याला वडिलांची परवानगी लागत होती आणि वडील तयार नव्हते. आईनं मध्यस्थी केली. ऑक्टोबरमध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्याच्यासाठी स्मारक करायला आईनं जवळजवळ अठरा वर्षं घेतली. १९३२मध्ये बेल्जियमच्या सैनिकी दफनभूमीत गुडघे टेकलेले आईवडील उभे राहिले. दोन वेगळे चौथरे, मधे रिकामी जागा. मुलगा कुठेच नाही. नाझींनी १९३३मध्ये त्यांना प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडायला लावलं, पुढे प्रदर्शनंही बंद झाली. २२ ऑक्टोबर १९३७, पेटरच्या मृत्यूची तारीख, त्या दिवशीच्या रोजनिशीत त्या एका छोट्या शिल्पाबद्दल लिहितात: म्हातारं माणूस करायला घेतलं होतं, ते पिएतासारखं होत चाललंय. आई बसलेली, मुलगा तिच्या गुडघ्यांमध्ये. आता ती वेदना राहिली नाही, विचारात बुडणं झालं. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं की आपली आई धार्मिक नाही. ती एक म्हातारी, एकटी, काळोख्या विचारात बुडालेली बाई आहे.

हे शिल्प ३८ सेंटिमीटर उंचीचं आहे, टेबलावर ठेवण्याजोगं. त्यातली आई मुलाला दाखवत नाही. उलट त्याला आपल्या अंगाखाली, झग्याच्या घडीत ओढून घेते, जणू तो पुन्हा पोटात जाणार आहे. एक हात तोंडाशी, दुसऱ्यात मुलाचा हात. जखमा नाहीत, पाहणाऱ्यासाठी काही मोकळं ठेवलेलं नाही. दीड फुटाच्या आत ही बाई सहाशे वर्षांच्या परंपरेकडे पाठ करून बसली आहे. पुढच्या वादात दोन्ही बाजूंनी हा तपशील जवळजवळ सोडून दिला.

अडचण

२७ जानेवारी १९९३ रोजी मंत्रिमंडळानं नोये वाखेला देशाचं मध्यवर्ती स्मारक करायचं ठरवलं. टेसेनो यांचं दालन १९३१च्या रूपात परत आणायचं, पण ग्रॅनाइटचा ठोकळा आणि चक्र परत ठेवायचं नाही. त्या जागी कोलवित्स यांच्या शिल्पाची मोठी प्रत. जमिनीवर एक ओळ: ‘युद्ध आणि जुलमी राजवटीच्या बळींना’. निवड कोल यांची स्वतःची होती. स्पर्धा नाही, तज्ज्ञांची समिती नाही. उद्घाटन नोव्हेंबरात, लोकशोकदिनाला, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनाला. संसदेत चर्चा झाली ती मे महिन्यात, निर्णय होऊन चार महिने उलटल्यावर.

कोल यांच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच होतं, ते आधी मांडायला हवं. कोलवित्स यांना पूर्वेत समाजवादी म्हणून आणि पश्चिमेत मानवतावादी म्हणून मान होता. नुकत्याच जोडलेल्या देशात दोन्हीकडे चालेल असं दुसरं नाव सापडणं अवघड होतं. त्या स्त्री होत्या, नाझींनी छळलेल्या होत्या, एका युद्धात मुलगा आणि दुसऱ्यात नातू गमावलेल्या होत्या. सैनिकाचा पुतळा नको, तलवार नको, विजय नको असं म्हटलं तर रडणारी आई हाच सगळ्यात सोपा मार्ग दिसतो.

आणि तिथेच अडचण होती. एप्रिलमध्ये इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांनी वर्तमानपत्रात जाहीर हल्ला चढवला. ते स्वतः पूर्व आघाडीवर लढलेले, रशियाच्या कैदेत राहिलेले, आणि युद्धस्मारकांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: पिएता दोन गटांना बाहेर ठेवते, ज्यूंना आणि स्त्रियांना. दुसऱ्या महायुद्धात निरपराध मारल्या गेलेल्यांत हेच दोन गट सर्वांत मोठे.

ज्यूंचं कारण उघड आहे. मध्ययुगात गुड फ्रायडे हा ज्यूंसाठी वर्षातला सर्वांत धोक्याचा दिवस असायचा. मांडीवरच्या मृत ख्रिस्ताकडे पाहून ‘याला कोणी मारलं’ असं विचारलं की युरोपभर उत्तर ठरलेलं होतं. कॅथलिक चर्चनं ज्यूंवरचा तो सामुदायिक आरोप अधिकृतपणे नाकारला तो १९६५मध्ये, म्हणजे छळछावण्यांनंतर वीस वर्षांनी. मग खून झालेल्या ज्यूंचा शोक त्याच प्रतिमेनं करायचा?

स्त्रियांचा मुद्दा मला अधिक खोल वाटतो, कारण तो धर्माच्या पलीकडे जातो. पिएतामध्ये मुलगा मरतो आणि आई उरते. १९१४च्या युद्धाचं चित्र बव्हंशी तसंच होतं: मुलगे आघाडीवर, आया घरी. १९३९ ते ४५मध्ये आया उरल्या नाहीत. त्यांना मुलांसकट गॅसच्या खोल्यांत नेलं गेलं, खंदकांच्या काठावर गोळ्या घातल्या गेल्या, शहरांखाली गाडलं गेलं. शोक करायला मागे कुणी राहिलंच नाही, अशी कुटुंबं अगणित. आई जिवंत ठेवणारी प्रतिमा पहिल्या युद्धाचा शोक दुसऱ्यावर चढवते.

शिवाय ती ओळ. ‘युद्ध आणि जुलमी राजवटीच्या बळींना’ असं म्हटलं की छावणीतला कैदी आणि बॉम्बनं मेलेला तिथला पहारेकरी एकाच वाक्यात मावतात. बिटबुर्गचीच चूक पुन्हा, असं टीकाकार म्हणाले.

समोरचे पर्याय

पूर्व जर्मनीची ज्योत आणि लोलक तसाच ठेवणं राजकीयदृष्ट्या शक्य नव्हतं. त्यावर वेळ घालवायला नको.

१९३१चं दालन जसंच्या तसं, चक्रासकट, परत आणणं हा अधिक गंभीर पर्याय होता. अनेक वास्तुप्रेमींचा कल तिकडे होता. आकृती नाही म्हणजे कुणी वगळलं जात नाही, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो अर्धाच पटतो. नाझींना त्याच निराकार दालनात आपले सोहळे करायला काही अडलं नव्हतं. एक क्रूस टांगला की काम झालं. रिकामी जागा निष्पाप असते असं नाही; ती येणाऱ्याच्या हातात असते.

खुली स्पर्धा हा तिसरा पर्याय. त्याला वेळ लागला असता, दोन-तीन वर्षं सहज. कोल यांना तो वेळ द्यायचा नव्हता. पण याच बर्लिनमध्ये ज्यूंच्या स्मारकासाठी पुढे स्पर्धा झाल्या, वाद झाले, वर्षं गेली आणि शेवटी काहीतरी ठरलं. म्हणजे वेळ देणं अशक्य होतं असं म्हणता येत नाही.

चौथा पर्याय कुणी फार जोरानं मांडला नाही: कोलवित्सच, पण वेगळी कृती. १९३७-३८मध्येच त्यांनी ‘आयांचा मनोरा’ नावाचं छोटं शिल्प केलं. त्यात बायका खांद्याला खांदा लावून वर्तुळ करतात आणि मुलं त्यांच्या पदराआड. तिथे मांडी नाही, देह नाही, पुत्र नाही. ख्रिस्ती कलेतून आलेली आकृतीही नाही. शोकाच्या ठिकाणी प्रतिकार उभा करणारं शिल्प सरकारला अवघड वाटलं असतं, हे खरं. पण स्त्रिया बळी आणि कर्त्या दोन्ही आहेत हे त्यात दिसलं असतं.

पाचवा पर्याय म्हणजे शिल्प हेच, पण आहे त्या आकारात. याकडे नंतर येतो.

काय केलं गेलं

सरकारनं शिल्प बदललं नाही. हाराल्ड हाके या शिल्पकारानं मूळ कृतीची सुमारे चौपट मोठी, १.६ मीटर उंचीची प्रत घडवली. ती दालनाच्या मधोमध, छतावरच्या भोकाच्या बरोबर खाली ठेवली गेली. पाऊस, बर्फ, ऊन थेट तिच्यावर पडतं.

तडजोड झाली ती मजकुरात. जर्मनीतल्या ज्यूंच्या केंद्रीय परिषदेचे अध्यक्ष इग्नात्स बूबिस यांनी त्या एका ओळीवर समाधान मानायला नकार दिला. बरीच बोलणी होऊन प्रवेशद्वारापाशी एक फलक लावायचं ठरलं, वाइत्सेकर यांच्या १९८५च्या भाषणावर बेतलेला. त्यात ‘आम्ही स्मरण करतो’ या शब्दांनी सुरू होणारी यादी आहे: युद्धात होरपळलेले देश, महायुद्धांत पडलेले सैनिक, निरपराध नागरिक, खून झालेले लाखो ज्यू, सिंती आणि रोमा, समलिंगी, आजारी आणि दुर्बल, प्रतिकार करणारे, १९४५नंतरच्या हुकूमशाहीला नकार देणारे. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पडलेले सैनिक ज्यूंच्या आधी येतात.

ज्यूंसाठी स्वतंत्र स्मारकाला कोल यांचा पाठिंबा मिळाला तो याच वाटाघाटींतून, असं त्या काळावर लिहिणारे बरेच जण मानतात.

दुसरी अट कोलवित्स यांच्या वारसांकडून आली. इमारतीच्या दोन्ही बाजूंना पूर्वी शार्नहोर्स्ट आणि ब्युलोव या सेनापतींचे संगमरवरी पुतळे होते. ते परत आणायचे नाहीत, तरच मोठी प्रत करायला परवानगी, असं वारसांनी सांगितलं. सरकारनं मान्य केलं.

१४ नोव्हेंबर १९९३ रोजी उद्घाटन झालं. बाहेर निदर्शनं झाली.

परिणाम

राजशिष्टाचाराच्या दृष्टीनं योजना यशस्वी झाली. दरवर्षी लोकशोकदिनाला देशाचे सर्वोच्च पदाधिकारी तिथे पुष्पचक्र वाहतात, परदेशी पाहुणेही येतात, आणि कुठे जायचं हा प्रश्न उरला नाही. लोकही येतात. रस्त्यावरच्या गोंगाटातून आत शिरणारे पर्यटक आवाज खाली आणतात, हे तिथे जाऊन आलेल्यांकडून मी ऐकलंय आणि चित्रफितींतही दिसतं. शिल्पाची ताकद टीकाकारांनीही नाकारली नव्हती.

शिल्पाचा अर्थ मात्र बदलला, आणि माझ्या मते मुख्य नुकसान तेच. कोलवित्स यांनी जी बाई मरियापासून दूर नेली होती, तिला या खोलीनं पुन्हा मरिया केलं. ३८ सेंटिमीटरची आकृती पाहायला वाकावं लागतं, जवळ जावं लागतं, आणि ती आपल्याकडे पाहत नाही हे लगेच कळतं. १.६ मीटरची झाली की आपण दाराशीच थांबतो. भोवती मोकळी जागा, मधोमध एकटी आकृती, वरून उतरणारा एकच प्रकाश: ही वेदीची मांडणी आहे. कोणत्याही चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला ती न सांगता कळते. आईनं मुलाला अंगाखाली ओढून घेतलं असलं तरी दालन त्याला उघडं करतं. कोझेलेक आकार वाढवण्यावरही चिडले होते आणि त्यात ते बरोबर होते. पण शिल्प मुळातच ख्रिस्ती आहे असं धरून चाललेल्या टीकेवर माझा आक्षेप आहे. ख्रिस्तीपणाचा मोठा वाटा १९९३मध्ये मांडणीतून आला.

दुसरा परिणाम शहरावर झाला. एका प्रतिमेत सगळे मावत नाहीत हे मान्य झाल्यावर प्रत्येक गटासाठी वेगळी जागा शोधणं भाग पडलं. मे २००५मध्ये पीटर आयझेनमन यांच्या २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं ज्यूंचं स्मारक उघडलं. २००८मध्ये समलिंगी बळींचं, २०१२मध्ये सिंती आणि रोमांचं, २०१४मध्ये ‘दयामरणा’च्या नावाखाली मारलेल्या रुग्णांचं. यांपैकी एकातही मांडीवर देह घेतलेली आई नाही. कोझेलेक यांना हीसुद्धा वाट पसंत नव्हती. मारणाऱ्यांनी केलेली वर्गवारी आपण स्मारकांत पुन्हा वापरतो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना हवं होतं ते एकच, पण केलेल्या गुन्ह्याचं नाव घेणारं स्मारक.

वेगळं काय करता आलं असतं

चर्चा निर्णयाआधी व्हायला हवी होती, हे कुणीही सांगेल. त्यापेक्षा उपयोगाचा प्रश्न असा: शिल्प हेच ठेवायचं ठरलं असतं, तरी कोणत्या टप्प्यावर काय वळवता आलं असतं?

पहिला टप्पा ओळीचा. सविस्तर यादी बाहेर दारापाशी आणि सरसकट ओळ आत, शिल्पाच्या पायाशी, अशी वाटणी झाली. आत शिरल्यावर डोळ्यांपुढे राहते ती ओळच. यादी आत जमिनीवर आणि ओळ बाहेर, एवढी अदलाबदल केली असती तरी शिल्पाकडे पाहण्याआधी नावं वाचावी लागली असती. त्याला पैसा लागला नसता, फक्त बूबिस यांच्या म्हणण्याला तडजोडीऐवजी दुरुस्ती मानावं लागलं असतं.

दुसरा टप्पा प्रतिमेच्या वंशावळीचा. मुलांसाठी रडणारी आई ख्रिस्ती परंपरेची मक्तेदारी नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन घ्यायला नकार देते, कारण ती उरलेली नाहीत. हा ज्यू धर्मग्रंथातला शोक आहे. मत्तयनं तो नंतर आपल्या शुभवर्तमानात उचलला. सांत्वन नाकारणारी राहेल आणि कोलवित्स यांची विचारात बुडालेली म्हातारी यांच्यात मरियापेक्षा जवळचं नातं आहे. हे कुणी फलकावर दोन वाक्यांत लिहिलं असतं तर वाद मिटला नसता, पण शिल्प एकाच वंशावळीत अडकलं नसतं. निवड करणाऱ्यांमध्ये धर्मकलेचा अभ्यासक आणि ज्यू परंपरेचा जाणकार एकत्र बसलेले असते तर हे सुचायला हरकत नव्हती.

तिसरा टप्पा आकाराचा, आणि इथे सरकारपेक्षा वारसांच्या हातात जास्त होतं. कोलवित्स १९४५मध्ये वारल्या. त्यांच्या कृतींवरचा हक्क २०१५च्या अखेरपर्यंत वारसांकडे होता. प्रत करायची तर त्यांची संमती लागणारच होती, म्हणजे नकार देण्याची ताकद खरी होती. ती त्यांनी सेनापतींच्या पुतळ्यांविरुद्ध वापरली. समजण्यासारखं आहे: ज्या बाईचा मुलगा गणवेशात मेला, तिच्या शिल्पाबाहेर गणवेशातले पुतळे नकोत. पण हीच अट आकाराची घालता आली असती. मूळ मापाची प्रत, मधोमध न ठेवता एका भिंतीलगत, भोकाखालची जागा मोकळी सोडून. मग दालन टेसेनोचंही राहिलं असतं आणि बाई कोलवित्सची. कोल यांनी ते मान्य केलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. दूरचित्रवाणीवर पुष्पचक्र वाहताना मागे ३८ सेंटिमीटरचं काही दिसत नाही.

वारसांनी घातलेल्या अटीचं पुढे काय झालं तेही नोंदवून ठेवतो. २००२मध्ये शार्नहोर्स्ट आणि ब्युलोव यांचे पुतळे परत उभे राहिले, नोये वाखेच्या शेजारी नाही, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला.